दुपार, ओसरी आणि दहा बोटं

मराठीतली लहान मुलांची गाणी ऋतूंप्रमाणे वेगळी काढायला बसलं, की पावसाचा ढीग बघता बघता वाढतो. ढग, मोर, बेडूक, आणि पावसाला पैसा देऊ करणारं ते घराघरातलं गाणं. उन्हाळ्याचा ढीग मात्र काही केल्या वाढत नाही. ऊन, घाम, तहान, पायाला चटके देणारी वाट यांवर आपल्याकडे तान्ह्या-रांगत्यांसाठी फारसं कुणी गायलेलं नाही. उन्हाळ्याचं म्हणून जे गाणं चटकन ओठांवर येतं, ते ग. दि. माडगूळकरांच्या आगगाडीचं, आणि ती गाडीही जाते मामाच्या गावाला. मुलं मामाकडे जातात ती मेच्या सुट्टीत, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

मग उन्हाळा गेला कुठे? माझं मत असं, की तो खेळांच्या बैठकीत जाऊन बसला आहे. सुट्टीतला दिवस आठवून पाहा. सकाळी पोरं बाहेर असतात, झाडाखाली, विहिरीवर, करवंदांच्या जाळीत. अकरा वाजले की एकेकाला हाका मारून घरात घेतलं जातं. जेवणं होतात, मोठी माणसं आडवी होतात आणि चार-साडेचारपर्यंत उंबरठा ओलांडायची बंदी. विदर्भात तर ही बंदी फारच कडक. तिथे पारा 45च्या वर जातो, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून घर अंधारं आणि गार ठेवलं जातं, आणि राज्यातल्या इतर शाळा जूनच्या मध्यावर उघडल्या तरी तिथल्या शाळा आणखी काही दिवस बंद राहतात. अशा चार-पाच तासांत पळापळ नाही, आरडाओरडा नाही, कारण आजोबा झोपलेत. उरतं काय? सारवलेल्या ओटीचा किंवा शहाबादी फरशीचा गारवा, पुढ्यात बसलेलं एक लहान मूल आणि दोघांचे हात. हाताचे खेळ वर्षभर चालतात, हे खरं. पण ते एका मुलाकडून दुसऱ्याकडे, मावसभावाकडून आतेबहिणीकडे आणि आजीकडून नातवाकडे जायला जी निवांत बैठक लागते, ती सुट्टीतल्या दुपारींनीच दिली.

सगळ्यांत धाकट्याचा खेळ तळहातावर सुरू होतो. आजी बाळाचा एक हात उताणा धरते, त्याच्याच दुसऱ्या हाताची तर्जनी घेते आणि त्या तळव्याच्या मध्यावर टोचत मोराला बसायला बोलावते. मोर येतो, चारा खातो, पाणी पितो आणि शेवटी उडून जातो. उडताना बाळाचे दोन्ही हात वर उचलले जातात. एवढंच आहे त्यात. पण आठ-नऊ महिन्यांच्या बाळाकडे जवळून पाहिलं, की या एवढ्याशा खेळात किती घडतंय ते कळतं. पहिले काही दिवस सगळं आजीच करते आणि बाळ तिच्या तोंडाकडे बघत राहतं. मग त्याची नजर खाली, तळव्यावर येते. पुढे गाणं सुरू होताच ते स्वतःहून पंजा उघडतं. आणि मग एका दुपारी आजी नुसतं गाते, हात लावतच नाही, आणि बाळ आपल्या एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या तळव्यावर टेकवतं. नेम पहिल्यांदा मनगटावर लागतो, कधी अंगठ्यावर. चेहरा मात्र लढाई जिंकल्यासारखा.

ही खरोखरच मोठी मजल आहे. नवजात बाळाची मूठ मिटलेली असते आणि तळव्याला काही लागलं की ती आपोआप आवळली जाते. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास दोन्ही हात छातीसमोर एकमेकांना भेटू लागतात. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ वस्तू धरतं ती सगळ्या पंजाने, चिखल उपसावा तशी. बाकीची बोटं मिटून एकटी तर्जनी पुढे काढणं हे त्यानंतरचं, साधारण नऊ ते बारा महिन्यांमधलं काम. त्याच बोटाने बाळ पुढे दिव्याकडे, चिमणीकडे, दारात आलेल्या बाबांकडे दाखवू लागतं, आणि बोट दाखवणं ही बोलण्याची पहिली पायरी आहे. आपल्या खापरपणज्यांनी बालविकासाचं पुस्तक उघडलेलं नव्हतं, तरी मोराचा खेळ त्यांनी नेमका त्या वयाला, त्या बोटाला आणि त्या दोन हातांच्या भेटीला लावून ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या बाळांकडे बघत बघत जे जमलं ते टिकलं, न जमलं ते गळून गेलं. हजारो आयांनी केलेल्या निरीक्षणाचा हा साठा आहे, आणि तो मला कुठल्याही ग्रंथाइतकाच आदरणीय वाटतो.

त्यानंतर बोटांची नावं. करंगळीपासून सुरू होणारा खेळ महाराष्ट्रात बहुतेकांच्या अंगावरून गेलेला आहे. आजी करंगळी धरते, मग एकेक बोट, मग तळहात, मनगट, कोपर, खांदा असं करत चेहऱ्यापर्यंत पोचते आणि तिथे तोंडाला, नाकाला, डोळ्यांना घरातल्या भांड्याडब्यांची नावं देत डोक्यावर जाऊन थांबते. खेळाची वाट नेहमी टोकाकडून मध्याकडे जाते, लहानाकडून मोठ्याकडे. बाळाला आपलं शरीर एकसंध असल्याची जाणीव जन्मतः पुरती नसते. ती स्पर्शाने, एकेक पेर जोडत तयार होते. डोळे मिटून आपण आपल्या नाकाला बिनचूक बोट लावतो, त्या जाणिवेची सुरुवात अशा खेळांत आहे.

या खेळात अनामिकेजवळ मुलं अडखळतात. करंगळी उचलता येते, मधलं बोट जमतं, पण शेजारचं हे बोट एकटं उभंच राहत नाही. दोष मुलाचा नाही. तुम्ही स्वतः करून पाहा. पंजा टेबलावर उपडा ठेवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि बाकीची बोटं टेबलाला टेकलेली असू द्या. आता एकेक उचला. अंगठा उठेल, तर्जनी उठेल, करंगळीही उठेल. अनामिका मात्र टेबलाला चिकटवल्यासारखी बसून राहील. बोटं सरळ करणाऱ्या एका सामाईक स्नायूचे कंडर पंजाच्या पाठीवरून जातात आणि ते एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी बांधलेले असतात. अंगठा, तर्जनी आणि करंगळी यांना उचलण्यासाठी शिवाय आपापले वेगळे स्नायू आहेत. मधल्या बोटाला आणि अनामिकेला ती सोय नाही. मधलं बोट अडवलं की अनामिकाही अडते. म्हणून बोटं मोजण्याच्या खेळात मोठ्या माणसाने मुलाचं बोट हलकेच उचलून धरायचं असतं आणि ‘असं नाही, असं कर’ म्हणत बसायचं नसतं. आज्या हे आपोआप करतात. हल्लीच्या बालवाडीत वीस मुलांसमोर उभं राहून शिकवताना ते सुटतं, आणि मग काही मुलांना उगीचच वाटतं की आपल्याला येत नाही.

मुंगी चढवण्याचा खेळही याच घराण्यातला. दोन बोटं मनगटावरून टुकूटुकू निघतात, कोपराच्या खळीत थोडी विसावतात आणि काखेत शिरून गुदगुल्या करतात. मूल हसायला सुरुवात करतं ते गुदगुल्यांच्या आधी, बोटं कोपराशी असतानाच. हसू वाट पाहण्याचं असतं. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात तोंड लपवून ‘भ्वाँक’ करण्याच्या खेळाचा अभ्यास केला आणि दाखवलं, की अशा खेळांना ठरलेली चौकट असते: सुरुवात, थांबा, शेवट. तीच चौकट पुन्हा पुन्हा अनुभवून मूल ‘आता माझी पाळी’ हे शिकतं, आणि संभाषण म्हणजे तरी पाळीपाळीने बोलणंच. म्हणून कोपराशी थांबायचं ते पुरेसं थांबावं. घाई केली तर खेळाचा जीव जातो.

मूल बसतं झालं, समोरच्याकडे नीट पाहू लागलं, की आपडी थापडीचे दिवस येतात. दोघं मांडी घालून समोरासमोर बसतात. हातावर हात पडतात, खाण्याच्या पदार्थांची नावं येतात, मग एकमेकांचे कान धरून झुलणं आणि शेवटी हात पाठीमागे गडप. ठिकठिकाणी शब्द बदलतात, कुठे कान आधी येतात, कुठे टाळ्या जास्त, पण ठेका बदलत नाही. तो ठेका आठ मात्रांचा आहे. तबल्यावर आपण ज्याला केरवा म्हणतो तोच.

कॉन्स्टँटिन ब्रेलॉयू नावाचा रुमानियाचा लोकसंगीताचा मोठा अभ्यासक होता. देशोदेशीची मुलांची गाणी गोळा करून त्याने 1956 साली मांडलं, की एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या भाषांमध्ये मुलांची गाणी याच आठ लहान मात्रांच्या साच्यात बसतात. शब्द कमी पडले तर मुलं स्वर लांबवतात, जास्त झाले तर दोन अक्षरं एका मात्रेत कोंबतात, पण आठाचं घर सोडत नाहीत. आपल्या कुठल्याही बडबडगीतावर टाळी धरून पाहा. ओळीत चार टाळ्या पडतील, आणि शब्द जिथे संपतात तिथे एक रिकामी जागा राहील. ती मुलाला श्वास घ्यायला असते.

दोघांनी एका ठेक्यात हलण्याचा परिणाम किती खोल जातो, याचा एक सुंदर प्रयोग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झाला. लॉरा सिरेली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2014 साली तो प्रसिद्ध केला. 14 महिन्यांच्या बाळांना एकाने छातीशी धरून संगीताच्या तालावर हिंदकळवलं. समोर दुसरी बाई उभी. काही बाळांपुढे ती त्याच तालात गुडघ्यात वाकत होती, काहींपुढे मुद्दाम वेगळ्या गतीने. मग तिने काम करता करता चुकून हातातल्या वस्तू पाडल्याचं दाखवलं. जिच्याबरोबर ताल जुळला होता तिला बाळं जास्त वेळा वस्तू उचलून देऊ लागली. चालायला नुकतीच लागलेली ही बाळं, आणि काही मिनिटांच्या तालाने त्यांना समोरची परकी बाई आपली वाटू लागली. आपडी थापडी खेळणारी आतेमामेभावंडं वर्षातून महिनाभर भेटतात आणि आयुष्यभर एकमेकांची राहतात, त्यामागे या टाळ्यांचाही वाटा असणार, असं मला मनापासून वाटतं.

इस्राएलमधल्या बेन-गुरिअन विद्यापीठात इदित सुल्किन आणि वॉरन ब्रॉड्स्की यांनी टाळ्यांची गाणी खेळणाऱ्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला. अशा मुलांचं हस्ताक्षर आणि लेखन इतरांपेक्षा बरं असल्याचं त्यांना दिसलं. यावरून टाळ्या वाजवल्या की अक्षर सुधारतं असं लगेच समजू नये. ज्यांचे हात मुळातच वळणदार चालतात ती मुलं हे खेळ जास्त खेळत असतील. खेळायला कारण म्हणून आनंद पुरेसा आहे.

चार-पाच वर्षांच्या मुलांचा टोळीचा खेळ म्हणजे ‘चिमणी भुर्र’. सगळ्यांनी एकेक बोट जमिनीवर टेकवायचं. म्होरक्या ओरडतो, चिमणी भुर्र! सगळी बोटं वर. कावळा भुर्र! वर. पोपट भुर्र! वर. आणि मग त्याच सुरात, त्याच वेगाने, म्हैस भुर्र! ज्याचं बोट उठलं तो बाद.

मोठ्यांना हा खेळ सोपा वाटतो. चार वर्षांच्या मुलासाठी तो महाकठीण आहे, कारण तीन वेळा उचललेलं बोट चौथ्यांदा न उचलणं हे उचलण्यापेक्षा अवघड काम असतं. शरीराला लय लागलेली असते आणि मनाला ती तोडायची असते. कपाळामागचा मेंदूचा जो भाग हे आवरून धरण्याचं काम करतो, तो सगळ्यांत शेवटी, म्हणजे पार विशीच्या पुढेपर्यंत पक्व होत राहतो. तीन वर्षांचं मूल म्हशीला हमखास उडवतं, आणि उडवल्यावर स्वतःच टाळ्या पिटतं. पाच वर्षांच्या मुलाचं बोट थरथरतं, जमिनीवरून अर्धा सेंटिमीटर उठतं आणि परत खाली दाबलं जातं. सहा-सात वर्षांचं मूल म्हशीवर फसत नाही, पण वटवाघूळ, शहामृग आणि कोंबडी यांवर वाद घालतं. शहामृगाला पंख आहेत पण ते उडत नाही, वटवाघूळ पक्षी नाही पण उडतं, कोंबडी कुंपणापर्यंत उडते ती धरायची की नाही? ओसरीवरच्या अशा भांडणांत प्राणिशास्त्राचा पहिला धडा होऊन जातो. म्होरकेपण फिरतं ठेवावं, एवढंच माझं म्हणणं. शब्द शोधून ओरडणं हा खेळाचा अधिक कस लावणारा भाग आहे, आणि तो लाजऱ्या मुलालाही मिळाला पाहिजे.

थोड्या मोठ्या मुलींकडे सागरगोटे जातात. एक उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे, कधी पंजाच्या पाठीवर झेलायचे, आणि तोंडाने मोजणी म्हणत राहायची. काचापाण्यात फुटक्या बांगड्यांचे तुकडे पसरून दुसऱ्याला धक्का न लावता एकेक वेगळा करायचा. चिंचोके आहेतच. सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि कोकणात करवंदांचा खेळ: समोरच्याने करवंद हातात घ्यायचं, आपण ‘कोंबडा’ की ‘कोंबडी’ ते सांगायचं आणि मग फोडून बघायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याचंही करवंद पोटातच जातं, त्यामुळे रडारड होत नाही.

कौलारू घरात आणखी एक खेळगडी दुपारी छपरातून उतरत असे, कवडसा. कौलाच्या फटीतून आलेला उन्हाचा गोल तुकडा जमिनीवर पडतो आणि मुलं त्यात हात धरतात, मुठीत पकडू पाहतात, हाताच्या पाठीवर झेलतात, बोटांच्या सावल्यांचा हरिण आणि कोंबडा करतात. हा गोल नुसता उजेडाचा डाग नसतो. फट वाकडीतिकडी असली तरी कवडसा गोल पडतो, कारण बारीक छिद्रातून जमिनीवर उमटते ती सूर्याची प्रतिमा. छिद्रापासून जमीन 10 फुटांवर असेल तर ती प्रतिमा साधारण एक इंच व्यासाची होते, आणि खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी सगळे कवडसे कोरीच्या आकाराचे होतात. गाणी म्हणत तळव्यावर सूर्य झेलणाऱ्या पोराला हे सांगा. सहाव्या-सातव्या वर्षी हे ऐकलेलं मूल ते विसरत नाही.

घराबाहेर मुलांना मोकळेपणी गायला मिळे ते सणाच्या निमित्ताने. खानदेशात अक्षय तृतीयेची आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला दोर बांधून झोके चढतात, गौराईची गाणी होतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता रचली आहे. जळगावजवळच्या आसोद्यात वाढलेल्या त्या बाईला झोक्याची लय शेतातल्या कामाइतकीच अंगवळणी पडलेली होती. झोक्याचं गाणं लहान मुलं कुठे शिकतात? आईच्या, मावशीच्या मांडीवर बसून, दोन्ही हातांनी दोर गच्च धरून. झोका मागे जाताना स्वर लांबतो आणि पुढे येताना शब्द पडतो, हे पोटात गोळा येत येत अंगात उतरतं. वैशाखाच्या उन्हात खानदेशाने मुलींना दिलेली ही मोकळीक मला उन्हाळ्याच्या सगळ्या गाण्यांत मोलाची वाटते.

आणि उन्हाळा फारच लांबला, मृग कोरडा चालला, की धोंडी निघे. एका पोराच्या अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे, बाकीच्यांनी त्याच्याभोवती गात घरोघर जायचं, आणि प्रत्येक दारात बाईने त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात ही प्रथा आजही कुठे कुठे दिसते. घरात पिण्याच्या पाण्याची मारामार असताना पोरांच्या अंगावर ओतायला तांब्याभर पाणी काढणं म्हणजे काय, हे त्या बाईलाच ठाऊक. मुलांचं गाणं गावाने एवढ्या गंभीरपणे घेण्याचा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

हे घरातलं धन शाळेत कधी आलं? युरोपात त्याचं श्रेय फ्रीड्रिख फ्रोबेलकडे जातं. 1837 मध्ये त्याने जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावात लहान मुलांसाठी संस्था काढली, 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं, आणि 1844 मध्ये आयांसाठी गाण्यांचं पुस्तक छापलं. त्यात गाण्याबरोबर हात कसे धरायचे याची चित्रं होती. खेड्यातल्या आया बाळांशी जे खेळतात ते पाहून, ऐकून त्याने ही गाणी बांधली होती.

आपल्याकडे हे काम तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलं, आणि माझ्या मते ते अधिक अवघड होतं. ताराबाई भावनगरला बालशिक्षणातले जाणकार गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. 1926 साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम उभारलं आणि पुढे 1957 मध्ये डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर. तिथली मुलं वारली पाड्यांवरची. शाळेत मुलं येत नाहीत असं दिसल्यावर या बायका शाळा घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. जिथे मुलं गुरं राखत तिथे कुरणशाळा भरली. महागडी साधनं तिथे परवडणार नव्हती. खडे, पानं, बिया, माती आणि प्रत्येक मुलाजवळ असलेले दोन हात, यांवरच बालशिक्षण उभं करायचं होतं. तेव्हा गाणं आणि हावभाव ही फावल्या वेळची करमणूक राहिली नाहीत, ती अभ्यासाचा कणा झाली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना जे नाव मिळालं, ते या अंगणातलंच. आज एखाद्या गावातली सेविकाताई भर उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत मुलांना गोल बसवून बोटांचं गाणं घेते, तेव्हा तिच्यामागे एवढा इतिहास उभा असतो. तिच्या मानधनाची आणि त्या पत्र्याखालच्या उकाड्याची काळजीही आपण तितक्याच आपुलकीने केली पाहिजे.

मोबाइलवर हीच गाणी रंगीत चित्रांसह मिळतात. मूल गप्प बसतं, जेवतं, म्हणून लावलीही जातात. त्यात शब्द आहेत, चाल आहे, नसतो तो हात. मोर पडद्यावर नाचतो, बाळाच्या तळव्यावर बसत नाही. कोपराशी थांबून बाळाच्या डोळ्यांत बघणारं कुणी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एक वर्षाच्या आतल्या बाळांना स्क्रीन अजिबात नको असं सांगितलं आहे. आयाबापांना मी दोष देणार नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला दहा मिनिटांची उसंत हवी असते आणि ओसरीवरची आजी आता प्रत्येक घरात नाही. न्यू जर्सीतल्या किंवा सिंगापूरमधल्या मराठी घरात ती व्हिडिओ कॉलवर असते. तिथेही वाट निघते. आजीने पलीकडून गायचं आणि बाळाला मांडीवर घेतलेल्या आईने किंवा बाबाने हात व्हायचं. गाणं आजीचं, स्पर्श जवळच्याचा. शब्द येत नसलेल्या अमराठी सुनेला, जावयालाही यात जागा मिळते, आणि ती तिकडून ऐकत ऐकत गाणं शिकून जातात.

जुनी गाणी तुमच्या घरात आहेतच, ती घरातल्या मोठ्यांकडून घ्या. मी इथे एक नवं देते, खास मे महिन्याच्या दुपारचं. बाळाच्या हाताची मूठ करायची, अंगठा आत लपलेला.

पाच आंबे अढीत निजले,
गवत पांघरून हळूच पिकले.
पहिला म्हणतो, उकडतंय फार,
दुसरा म्हणतो, उघड रे दार.
तिसरा झाला पिवळा छान,
चौथ्याने काढली वरती मान.
पाचवा आंबा कुठं गं गेला?
आजीनं त्याचा आमरस केला!

पहिल्या दोन ओळींना तुमचा पंजा त्या मुठीवर पांघरुणासारखा ठेवा आणि आवाज बारीक करा. तिसऱ्या ओळीपासून करंगळी, मग अनामिका, मग पुढची दोन, असं एकेक बोट उघडत जा. अनामिकेला तुमच्या बोटाचा आधार द्या. सातव्या ओळीनंतर थांबा. अंगठा अजून तळव्यात लपलेला आहे आणि ते बाळाला ठाऊक आहे. पुरेसं थांबलात की शेवटच्या ओळीला तळव्यावर बोटांनी रस माखायचा आणि चाटून दाखवायचा.

वर्षाच्या आतल्या बाळाला सगळं तुम्हीच करा. दोन वर्षांच्या मुलाला चारही बोटं स्वतः उघडू द्या, क्रम चुकला तरी चालेल. तीन-चार वर्षांचं मूल आजीच्या जागी आत्या, काका, शेजारच्या ताई घालायला लागेल, आमरसाऐवजी मुरांबा करील, साखरांबा करील. करू द्या. पाच वर्षांची दोन मुलं असतील तर एकाने मूठ धरावी, दुसऱ्याने उघडावी, आणि पुढच्या वेळी अदलाबदल. उकाड्याने मूल चिडलेलं असेल, डोळे चोळत असेल, तर गाणं अर्ध्यातच सोडून त्याला पन्हं पाजा आणि झोपवा. पिकायला टाकलेले आंबे तसेही रोज हाताळायचे नसतात.